फिल्टरमधलं पाणी काढा, नाहीतर सीझनचा नफा रस्त्यात उभा राहील



धंद्याचा हिशोब मांडताना आपण माल, भाडं, हमाली, कमिशन सगळं धरतो. गाडी मात्र धरत नाही. ती चालणारच, असं गृहीत असतं. म्हणून आज विषय मार्केटिंगचा नाही. डिझेल पिकअपच्या फिल्टरमधून पाणी कसं काढायचं, ते बघू. तुम्ही म्हणाल, "सर, हे तर मिस्त्रीचं काम." थांबा, आधी हिशोब बघा.

समजा, तुम्ही धारूर भागातून सीताफळ भरून पुण्याला नेता. २० किलोचे ७५ क्रेट, म्हणजे १,५०० किलो माल. किलोला ४० रुपये धरले तर ६०,००० रुपये. रात्री मांजरसुंब्याच्या पुढे गाडी बंद पडली. सकाळी मिस्त्री मिळाला, पण बाजाराची वेळ हुकली. सीताफळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पिकतं. माल मऊ पडला आणि किलोमागे फक्त १० रुपये भाव तुटला, तरी १५,००० रुपये गेले. टोचन, मिस्त्री आणि बुडालेली पुढची खेप यात धरलेलीच नाही. आणि हे सगळं कशामुळे? कपभर पाण्यामुळे.

पाणी येतं कुठून?

पहिलं कारण, अर्धी रिकामी टाकी. पावसाळा संपता संपता बालाघाटावर दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो. टाकीतल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर थेंब होऊन बसते आणि खाली उतरते. म्हणून मुक्कामाला गाडी लावताना टाकी शक्यतो भरलेली ठेवा.

दुसरं कारण, घरचा ड्रम. पंप लांब आहे म्हणून आपण ड्रममध्ये किंवा कॅनमध्ये डिझेल आणून ठेवतो. ड्रम उघड्यावर उभा असला की पावसाचं पाणी वरच्या झाकणावर साचतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार झाला की तो हवा आत ओढतो, आणि बुचाजवळचं पाणीही सोबत जातं. झाकण घट्ट दिसत असलं तरी हे होतं. ड्रम सावलीत, छपराखाली ठेवा. डिझेल काढताना तळातलं चार बोटं डिझेल गाडीत घालू नका.

तिसरं कारण, टाकीचं झाकण. रबर चिरलेलं असेल तर गाडी धुताना आणि पावसात पाणी आत जातं.

चौथं कारण, पंपावरचं डिझेल. पंपाची टाकी जमिनीत असते. तिच्यात पाणी आहे का, हे डिपरॉडला खास पेस्ट लावून तपासतात. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. तुम्हाला शंका आली तर घनता तपासून दाखवा म्हणून पंपावर मागणी करा. तो ग्राहकाचा हक्क आहे. बिल जपून ठेवा.

इतक्याशा पाण्याने काय बिघडतं?

पाणी डिझेलपेक्षा जड असतं. एक लिटर पाणी १ किलो भरतं, डिझेल साधारण ८२० ते ८५० ग्रॅम. म्हणून पाणी फिल्टरच्या तळाशी बसतं. ती जागा त्यासाठीच दिलेली असते. पण ती भरली की पाणी पुढे सरकतं.

पुढे पंप आणि इंजेक्टर असतात. त्यांना वेगळं ऑइल मिळत नाही, डिझेलच त्यांचं वंगण असतं. पाण्याला ती चिकटाई नाही, वर गंज चढतो. जुनी गाडी थोडं सहन करायची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. या डिझेल गाड्यांत कॉमन रेल असते आणि तिच्यात १,००० बारच्या वर दाब असतो. तुमच्या पिकअपच्या टायरमध्ये तो ५ बारच्या आसपासच असतो, यावरून अंदाज घ्या. अशा ठिकाणी गंजाचा कणही महागात पडतो. फिल्टर शेकड्यांत येतो, इंजेक्टर हजारांत जातात.

लक्षणं ओळखा. सकाळी गाडी उशिरा चालू होते, धक्के खाते, घाटात ओढत नाही. डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबाचं चिन्ह असलेला दिवा लागतो. हा दिवा लागला की सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. "पुण्यात पोचून बघू" म्हणू नका.

पाणी काढायचं कसं?

आधी गाडीचं पुस्तक उघडा. प्रत्येक मॉडेलची पद्धत थोडी वेगळी असते. साधारण क्रम असा:

१. काम सकाळी, गाडी हलवण्याआधी करा. रात्रभरात पाणी तळाशी बसलेलं असतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद आणि थंड असताना. जवळ बिडी, सिगारेट, शेगडी नको.

२. फिल्टर शोधा. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत चेसिसजवळ. खाली पाण्याच्या सेन्सरची वायर असेल तर ती ओढू नका. काढावी लागली तर लॉक दाबून हळूच काढा.

३. खाली पारदर्शक बाटली किंवा बरणी धरा. तळाचा ड्रेन नॉब हाताने दोन-तीन आटे सैल करा. काहीच आलं नाही तर पुस्तकात दाखवलेला वरचा एअर स्क्रू थोडा ढिला करावा लागतो.

४. आधी पाणी येईल, मग डिझेल. स्वच्छ डिझेलची धार आली की नॉब बंद करा. हातानेच आवळा. पक्कड लावली तर प्लास्टिकचा नॉब तुटतो.

५. आता एअर काढा. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून काही सेकंद थांबा, ऑफ करा, असं दोन-तीनदा करा. मग स्टार्ट मारा आणि नॉबखाली गळती नाही ना, ते बघा.

कॉमन रेलच्या गाडीत इंजेक्टरकडे जाणारे पाइप कधीही ढिले करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. पाणी काढूनही दिवा तसाच राहिला, किंवा दोन दिवसांत पुन्हा पाणी आलं, तर टाकी साफ करायची वेळ आली आहे. तेव्हा वर्कशॉप गाठा. आणि काढलेलं डिझेल विहिरीजवळ, शेतात ओतू नका.

बरणी काय सांगते?

बरणी अर्धा तास ठेवून द्या. खाली पाणी, वर डिझेल असा थर स्पष्ट दिसेल. किती बोटं पाणी आलं, ते वहीत लिहा. तारीख, किलोमीटर आणि शेवटचं डिझेल कुठून भरलं, हेही लिहा. चार-सहा नोंदी झाल्या की दोष ड्रमचा, झाकणाचा की पंपाचा, ते तुम्हालाच कळेल. पावसाळ्यात आणि सीताफळाच्या सीझनमध्ये दर सोमवारी, एरवी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.

आता शेवटचं, खास मालकांसाठी. बऱ्याच वेळा दिवा लागलेला ड्रायव्हरला दिसतो, पण तो थांबत नाही. का? उशीर झाला की मालक ओरडणार, पगार कापणार, ही भीती. मग तो गाडी तशीच रेटतो, आणि मोठा खर्च तुमच्याच माथी येतो. म्हणून आजच ड्रायव्हरला स्पष्ट सांगा: "दिवा लागला की थांब, मला फोन कर. उशिराचा एक रुपयाही तुझ्याकडून कापणार नाही." आणि हा शब्द पाळा. पहिल्यांदा तो थांबेल, तुमचा उशीर होईल, तेव्हा तुमची खरी परीक्षा आहे. त्या दिवशी तुम्ही ओरडलात, तर पुढचा दिवा तुम्हाला कधीच कळणार नाही.