गाढ झोप आणि वेळेवरचा आवाज



गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात रात्र अशी उरतच नाही. कुणाची पाण्याची पाळी रात्री, कुणाची तोड पहाटे. "साहेब, पडून राहतो, पण अंग काही हलकं होत नाही," ही तक्रार गट बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो. परवा एका सभासदाने मोबाईल पुढे केला. "पोरगं म्हणतंय, ह्यो पावसाचा आवाज रातभर लावा, गाढ झोप लागंल. खरं का?" आम्ही उसाची माणसे, डॉक्टर नव्हे. तरी वाचून समजले ते सांगतो.

गाढ झोपेत मेंदूच्या लहरी संथ व उंच होतात, सेकंदाला साधारण एक. अंगाची झीज भरून निघते ती मुख्यतः याच वेळी. वय वाढते तशी ही झोप घटते.

२०१३ साली जर्मनीत यान बॉर्न व सहकाऱ्यांनी ११ जणांवर प्रयोग केला. डोक्याला तारा लावून लहरी मोजल्या आणि लहर वर चढताना कानात बारीक खरखराट सोडला, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढाच. लहरी बळावल्या, आणि रात्री पाठ केलेले शब्द सकाळी जास्त आठवले. तोच आवाज अवेळी सोडला, तेव्हा हा फायदा झाला नाही. नागपंचमीचा झोका वर जाताना हात लावला तर चढतो, अवेळी लावला तर अडतो, तसेच हे. २०१७ साली अमेरिकेत साठीपुढील १३ जणांतही स्मरणाला फायदा दिसला. २०२३ साली स्वित्झर्लंडमध्ये १८ पुरुषांवरील प्रयोगात अशा रात्रीनंतर हृदयाचे काम सुधारलेले आढळले.

प्रयोग लहान आहेत. हा अजून औषधोपचार नव्हे. शिवाय रात्रभर वाजणाऱ्या मोबाईलला तुमची लहर कधी चढते हे कळत नाही. नत्राचा हप्ता वेळ चुकवून टाकला तर उसाला काय लागणार?

तेव्हा आमचे सांगणे एवढेच:

१. झोपताना रेडिओ, मोबाईल बंद करावा. खोपीवर रात्रभर रेडिओ लावून आम्हीही झोपलो आहोत. सकाळी डोके जडच.

२. गाढ झोप बहुतेक पहिल्या काही तासांत होते. मोटारीची पाळी शेजाऱ्याशी वाटून घ्यावी, म्हणजे एक रात्र तरी सलग मिळेल.

३. ट्रॅक्टरवाल्यांनी डुलकी आली की टेपचा आवाज वाढवू नये. गाडी रस्त्याच्या बाजूला सुरक्षित जागी घेऊन थोडे झोपावे.

४. घोरणे मोठे आणि दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

खोडव्याची काळजी घेता, तशी झोपेचीही घ्या. टनेज काढणारा माणूस आधी टिकला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी