घरातली यंत्रं, भाग ९ : गीझरची कॉइल का जळते?

मागच्या आठवड्यात थर्मोस्टॅट आणि कटआउट पाहिले. ते दोन्ही धड असूनही पाणी तापत नसेल, किंवा गीझर लावला की घराचा ईएलसीबी पडत असेल, तर दोष बहुधा एलिमेंटमध्ये असतो, म्हणजे दुकानात आपण मागतो त्या कॉइलमध्ये. कॉइल बदलणं अवघड नाही. पण जुनी का गेली हे न बघता नवी बसवली, तर तीही त्याच वाटेनं जाते. म्हणून जुनी काढली की लगेच भंगारात टाकू नका.

तिची रचना साधी आहे. धातूच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि मधली जागा मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीनं ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता पुढे जाऊ देते, वीज अडवते. पण नळीला बारीक चीर गेली आणि आत ओल शिरली, की पूड वीज अडवेनाशी होते. मग वीज टाकीतल्या पाण्यात आणि अर्थिंगमध्ये उतरते. ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी पडतो तो यासाठीच. 'सारखा पडतो' म्हणून तो काढून थेट जोडणी करून देणारे कारागीर भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका. अर्थिंग कच्चं असेल, तर नळाखाली उभ्या असलेल्या ओल्या माणसाचा जीव त्या एका खटक्यावर असतो.

आता चीर का जाते? महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर बसला आहे आणि त्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार असतात. पाणी तापलं की त्यांचं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवरच, बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीही कॉइलला जड जाऊ शकतं. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरायला वेळ लागतो, नळी आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी फुटते.

कामाला लागताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली पाडा. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर ते बंद असतानाही कॉइलवर वीज असते. झाकण काढल्यावर टेस्टरनं खात्री करा, मग कॉइलच्या दोन्ही वायर सोडवून मल्टिमीटर लावा. २००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. नंतर एक टोक कॉइलच्या खिळ्याला आणि दुसरं फ्लँजच्या धातूला लावा. इथे काहीही आकडा दिसता कामा नये, दिसला तर गळती आहे. काही कॉइल गार असताना निर्दोष दिसतात आणि तापल्यावरच गळतात. गीझर लावल्यावर काही मिनिटांनी ईएलसीबी पडत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून मेगरनं तपासून घ्या. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल, तर हे सगळंच काम त्याच्याकडे द्या.

टाकी रिकामी करताना बरेच जण फसतात. आत येणारा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडला, की थोडं पाणी येऊन थांबतं आणि टाकी रिकामी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ती काठोकाठ भरलेली असते, कारण बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड आत अगदी वर असतं. गार पाण्याची खालची जोडणी सोडवावी लागते आणि हवा आत जावी म्हणून वरचा नळ उघडा ठेवावा लागतो. खाली मोठी बादली हवीच. पाणी उकळतं असू शकतं, म्हणून आधी गार होऊ द्या.

फ्लँज खाली उतरवला की नीट बघा. कॉइलभोवती पांढरा, दगडासारखा थर असेल तर पाणी कठीण आहे. टाकीच्या तळाशी साचलेली खपलीही उपसून काढा. शेजारी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीचा धातू गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. तो झिजून आतली तार उघडी पडली असेल तर त्याच वेळी बदला. शंभर-दोनशे रुपये वाचवायला इथे हात आखडला, तर पुढे टाकीच गळायला लागते.

नवी कॉइल त्याच वॅटची, त्याच लांबीची आणि त्याच भोकांची घ्या. २००० च्या जागी ३००० वॅटची बसवली तर १३ अँपियर खेचले जातात आणि जुनी वायर, थर्मोस्टॅट तेवढा भार पेलतीलच असं नाही. गॅस्केट नवंच घाला, बसकण घासून पुसून घ्या आणि नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जा. एका बाजूनं पूर्ण आवळले की दुसऱ्या बाजूनं थेंब येतो.

शेवटी टाकी भरा. गरम पाण्याच्या नळाला हवेचे फुत्कार थांबून सलग धार येईपर्यंत वीज लावायची नाही, कोरडी कॉइल काही क्षणांत जळते. फ्लँज कोरडा आहे ना पाहून झाकण बसवा, मग एमसीबी चढवून ईएलसीबीचं चाचणी-बटण दाबून बघा. पाणी एकदा पूर्ण तापल्यावर वीज तोडून फ्लँजखाली पुन्हा हात फिरवा. रबर तापून बसलं की नट अर्धा फेरा आणखी घ्यावा लागतो.

पुढच्या आठवड्यात प्रेशर व्हॉल्व्ह.