आकड्यांची साक्ष

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोऱ्या वहीवर हळदकुंकू वाहून तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिण्याची आपल्या व्यापाऱ्यांची चाल जुनी आहे. वहीला हा मान मिळतो तो ती साक्षीदार असते म्हणून. देणेघेणे झाले, माणसे विसरली, एखादे वेळी निवर्तलीही, तरी वही बोलते. परंतु साक्षीदार जसा खोटे बोलू शकतो, तशी वहीही बोलू शकते. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजधनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. आज वहीची जागा संगणकाने घेतली. प्रकार मात्र पुष्कळसे तेच राहिले. ते ओळखावयाचे कसे आणि ओळखल्यावर न्यायालयापुढे सिद्ध करावयाचे कसे, याचा विचार करणाऱ्या विद्येला फॉरेन्सिक अकाउंटिंग, म्हणजे न्यायसाहाय्यक लेखाशास्त्र, असे म्हणतात.

नेहमीच्या हिशेबतपासनिसाचे काम याहून निराळे असते. संस्थेचा ताळेबंद एकंदरीत तिच्या स्थितीचे खरे चित्र दाखवितो की नाही, एवढे तो पाहतो. त्यासाठी निवडक नोंदी तपासतो. न्यायसाहाय्यक तपासनीस संशयापासून सुरुवात करतो. पैसा गेला असेल तर कोठून गेला, कोणाकडे गेला, कोणाच्या सहीने गेला, आणि यातले किती सिद्ध करता येईल, हे त्याचे प्रश्न असतात.

या विद्येचा पहिला धडा आपल्या देशात फार महाग पडला. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात रोख व बँकशिल्लक म्हणून दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुढे २०१५ साली हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. आता विचार करा: या कंपनीची जमा आणि नावे ही दोन्ही अंगे जुळत होती, ताळेबंदाची बेरीज बरोबर होती, लेखापरीक्षकांच्या सह्याही होत्या. मग चुकले काय? कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारातही विकले जात असल्यामुळे अमेरिकेच्या रोखे आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. २०११ साली त्या आयोगाने काढलेला निष्कर्ष असा, की बँकेतील शिलकेची खातरजमा लेखापरीक्षकांनी स्वतः बँकेकडून रीतसर करून घेतली नव्हती. वही वहीशी जुळली म्हणजे ती सत्याशी जुळली असे नव्हे. ज्याचा हिशेब तपासावयाचा, त्याच्याच हातून आलेला कागद हा पुरावा धरावयाचा नाही, हा तो धडा.

दुसरा धडा संगणकाचा आहे. मोठ्या बँकेत एका दिवसात लाखो नोंदी होतात. त्या डोळ्यांनी वाचणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे माहितीचे विश्लेषण, येथे उपयोगी पडते. एकाच बिलाचे पैसे दोनदा दिले गेले का? माल पुरविणाऱ्याचा पत्ता किंवा बँकखाते एखाद्या नोकराच्या पत्त्याशी, खात्याशी जुळते का? कचेरी बंद असताना नोंदी कोणी केल्या? पन्नास हजारांपर्यंतचे बिल मंजूर करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याकडे एकोणपन्नास हजारांची बिले फारच येतात का? असे प्रश्न विचारले असता संगणक एकूण एक नोंदी चाळून उत्तर देतो.

याच कामी आकड्यांचा एक नवलाचा गुणधर्म वापरला जातो. सायमन न्यूकम या अमेरिकन ज्योतिर्विदाने १८८१ साली लक्षात आणून दिले, की लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या पुस्तकातील आरंभीची पाने शेवटच्या पानांपेक्षा अधिक मळलेली असतात. अर्थात लहान अंकाने सुरू होणाऱ्या संख्या लोकांना अधिक लागतात. पुढे १९३८ साली फ्रँक बेनफर्ड यांनी नाना प्रकारच्या संख्या गोळा करून हा नियम पडताळला. निसर्गतः वाढणाऱ्या रकमांत शेकडा सुमारे ३० संख्या एक या अंकाने सुरू होतात, आणि नऊने सुरू होणाऱ्या शेकडा पाचांहूनही कमी असतात. याचे कारण कठीण नाही. हजार रुपये दरसाल दहा टक्के चक्रवाढीने वाढत असतील, तर त्यांचे दोन हजार व्हावयास सव्वासात वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तोवर रकमेचा पहिला अंक एकच राहतो. नऊ हजारांचे दहा हजार मात्र वर्ष-सव्वा वर्षातच होतात. मनाने आकडे रचणाऱ्याला हे भान नसते. तो सर्व अंकांना सारखेच वाटे देतो, आणि तेथे तो सापडतो.

सापडतो असे म्हटले खरे. पण येथेच विद्यार्थ्याने थांबावयास शिकले पाहिजे. एखाद्या शाळेची फी पाचशे रुपये असेल, तर तिच्या सर्व पावत्या पाच या अंकानेच सुरू होणार. त्यात लबाडी कसली? एकोणपन्नास हजारांचे बिल दर महिन्यास येत असेल, तर तो कदाचित सरळ वार्षिक कराराचा हप्ता असेल. बंद कचेरीत नोंद करणारा कारकून कदाचित वर्षअखेरचे काम उरकीत असेल. संगणक वेगळेपणा दाखवितो. तो दोष दाखवीत नाही. केवळ आकड्याच्या बळावर एखाद्या गरीब कारकुनाची नोकरी आणि अब्रू गेली, तर तीही एक अफरातफरच होय.

आणि जी गोष्ट संगणकात घातलीच नाही, ती संगणक कोठून दाखविणार? सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. प्रथम तर खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नाचे पैसे, औषधपाण्याची तरतूद, सारे अडकले. बँकेच्या वतीने दाखल झालेल्या फिर्यादीत आरोप होता, की मोठ्या थकीत कर्जांची चव्वेचाळीस खाती लपविण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली, आणि ती बँकेच्या मुख्य संगणक-प्रणालीत नव्हतीच. तपासणीसाठी दिलेली यादी मूळ प्रणालीशी ताडून पाहणे, हे साधे काम किती मोलाचे असते, ते यावरून ध्यानात येईल.

म्हणून या विद्येच्या अभ्यासकाला तीन गोष्टी साधाव्या लागतात. जमाखर्चाचे पक्के ज्ञान हवे; त्यावाचून संगणकाला प्रश्नच विचारता येत नाही. माहिती हाताळण्याचे कसब हवे. आणि पुराव्याचा कायदा माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे संगणकीय नोंद न्यायालयात द्यावयाची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावयाचे असते. हे मूल्य म्हणजे नोंदीचा जणू अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. चार्टर्ड अकाउंटंट्सची आपली राष्ट्रीय संस्था या विषयाचा अभ्यासक्रम चालविते, आणि २००३ साली स्थापन झालेले केंद्र सरकारचे गंभीर कपट अन्वेषण कार्यालयही याच विद्येच्या आधारे चौकशी करते.

परंतु अभ्यासक्रमाने न येणारी एक गोष्ट उरतेच. प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी कष्ट आहेत, हे ज्याला उमगते तो संशय घेण्यास कचरत नाही. आणि प्रत्येक संशयापुढे एक माणूस उभा आहे, हे जो विसरत नाही तो पुराव्यावाचून बोट दाखवीत नाही. वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिणाऱ्या हाताकडून आपली अपेक्षा खरे लिहिण्याची असते. ती वही तपासणाऱ्या हाताकडूनही तेवढीच असावयास हवी.