आठ हजार पाचशे हात

मुलांनो, कलावंत कोणाला म्हणायचं? वर्गात विचारलं की उत्तरं ठरलेली! चित्रकार, गायक, नर्तक, नट. ‘कचऱ्याच्या गाडीवरचे काका’ असं उत्तर मला कधीच मिळालं नाही. अमेरिकेतल्या एका बाईंनी मात्र या काकांनाच आपल्या कलेत मानाची जागा दिली. त्यांचं नाव मर्ल लेडरमन युकेलिस. जन्म १९३९ सालचा.

बाळ झालं तसा त्यांचा सारा दिवस धुणं-पुसणं, स्वयंपाक यातच जाऊ लागला. मग कलेला वेळ कुठला? तेव्हा १९६९ साली त्यांनी जाहीरच करून टाकलं, की ही रोजची कामं हीच माझी कला! १९७३ साली हार्टफर्ड शहरातल्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या नि फरशी त्यांनी लोकांसमोर तासन्‌तास घासली. चकचकीत फरशी सगळ्यांना दिसते, पण घासणारे हात कोणाला दिसतात? ते हात दिसावेत म्हणून हा खटाटोप.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम १९७९ साली सुरू झालं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सुमारे ८,५०० सफाई कामगार होते. युकेलिसबाई शहरभर फिरल्या, एकेका कामगाराशी हात मिळवला आणि म्हणाल्या, “न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार.” याला जवळजवळ वर्ष लागलं.

कामगार मन मोकळं करू लागले. एकाने सांगितलं, की कडक उन्हात काम करून दमल्यावर ते एका घराच्या पायरीवर टेकले होते. घरातल्या बाईंनी ‘घाण वास येतो’ म्हणून त्यांना हाकललं. सतरा वर्षं ते शब्द त्याच्या मनात सलत होते! लोक कामगारांना अशी जी जी वाईट नावं ठेवत, ती बाईंनी १९८४ साली एका कलादालनाच्या काचेवर लिहवून घेतली आणि समाजातल्या निरनिराळ्या लोकांना बोलावून त्यांच्याच हातांनी पुसून घेतली.

हे वाचलं नि मला माझंच एक वाक्य आठवलं. “अभ्यास केला नाही तर कचरा उचलावा लागेल,” असं मी एकदा वर्गात रागाने बोलून गेले होते. तेव्हा कोणाची मान खाली गेली, ते मी पाहिलंच नाही. पालकहो, आपल्या तोंडीही हे वाक्य असतं ना? चला, आपणही ते पुसून टाकू या.

आणि मुलांनो, उद्या घंटागाडी आली की डबा स्वतः घेऊन जा. काकांना, मावशींना त्यांचं नाव विचारा आणि ‘धन्यवाद’ म्हणा. बघा तरी, काय होतं ते!