सायकलीची वाट

चिकलठाण्याहून जालना रस्त्यानें शहरांत जातांना मालमोटारी व सायकली एकाच वाटेनें धांवत असलेल्या आपण पाहतों. ह्यांतील धोका गणितानें कळतो. एखाद्या वाहनाचा वेग ताशी १५ किलोमीटरांवरून ६० झाला, तर वेग चौपट होतो, पण त्याची गतिजन्य ऊर्जा सोळापट होते. तेव्हां केवळ सावधगिरीनें सायकलस्वाराचें रक्षण होत नाहीं. रस्त्याची रचनाच तशी असावी लागते.

अमेरिकेंत डेव्हिस ह्या गांवीं १९६७ सालीं सायकलींसाठीं रस्त्यावर पट्टे आंखण्यांत आले. परंतु रंगाची रेघ मोटारीस अडवूं शकत नाहीं. म्हणून २००७ सालीं न्यूयॉर्कच्या नवव्या अव्हेन्यूवर सायकलींची वाट पदपथालगत घेऊन उभ्या मोटारींची रांग तिच्या बाहेरच्या अंगास ठेविली. जी मोटार अडचण होती, तीच कुंपण झाली!

एके काळीं सायकलींचें शहर म्हणून गाजलेल्या पुण्यांत २००६ च्या सुमारास जलद बसमार्गांलगत सायकलमार्ग बांधले. पण ते जागोजागीं तुटक राहिले. पुढें २०१७ सालीं तेथील महानगरपालिकेनें सर्व शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. नदीच्या मध्यावर संपणारा पूल जसा निरुपयोगी, तसाच चौकापूर्वीं संपणारा सायकलमार्ग होय. कारण खरा धोका चौकांतच असतो.

पालकांनीं मुलास सायकल घेऊन देतांना तिच्या वाटेचाही विचार करावा, आणि जेथें अशी वाट असेल तेथें आपलें वाहन तिच्यावर उभें करूं नये.