दुष्काळाने दिलेली, दुष्काळात पारखलेली श्रद्धा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत केडगाव लागते. उतरणारे उतरतात, गाडी पुढे जाते. स्टेशनापासून जवळच 'मुक्ती मिशन' आहे, आणि ते पंडिता रमाबाईंनी उभारले, हे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत असताना वाचलेले अंधुकसे आठवते. रमाबाईंविषयी आपल्याला दोन वाक्ये पाठ असतात. एक, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. दुसरे, त्या ख्रिस्ती झाल्या. पहिले वाक्य अभिमानाने सांगितले जाते, दुसरे जरा आवाज खाली आणून. जणू एक दिवस उजाडला, बाईंनी धर्म बदलला आणि गोष्ट संपली!

प्रत्यक्षात ती गोष्ट संपायला चाळीसएक वर्षे लागली, आणि तिची सुरुवात चर्चमध्ये झाली नाही. ती झाली दुष्काळात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा 'अपराध' केला होता, म्हणून ते लोकांपासून दूर रानात जाऊन राहिले. पुढे आलेल्या-गेलेल्याला जेवू घालता घालता घर धुऊन निघाले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. देवळाच्या आवारात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे, पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. रमाबाईंची शाळा ती हीच. आई चालता चालता शिकवी आणि मुलगी भागवताचे श्लोक पाठ करी.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांनी उरलेसुरले दागिने, भांडी, कपडे विकून शास्त्रात सांगितलेली दाने केली, उपास केले, जप केले. देव काही बोलला नाही. कुणाकडे हात पसरायचा नाही आणि मोलमजुरी कधी केलेली नाही, अशा कोंडीत हे विद्वान कुटुंब सापडले. रानातली पाने आणि बोरे खाऊन दिवस निघाले. शेवटी वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो आणि मजुरी करतो. पण उशीर झाला होता. १८७४ साली वडील गेले. सन्मानाने राहा, देवाची सेवा कर, एवढेच त्यांनी धाकट्या लेकीला जाताना सांगितले. त्यांच्यामागोमाग आई गेली, मग बहीण गेली.

आईच्या वेळी खांदा द्यायला माणसे मिळेनात. परक्या मुलखात हे ब्राह्मण आहेत याची खात्री कोण देणार? कसेबसे दोघे तयार झाले. तिसरा भाऊ. चौथा खांदा सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाईंचा. त्यांची उंची कमी, तिरडी खांद्याला पोचेना, म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे, आणि तेही फारसा गळा न काढता. मला वाटते, रमाबाईंच्या पुढच्या साऱ्या धर्मविचारामागे डोक्यावरचे हे ओझे आहे.

उरलेली दोघे भावंडे देशभर पायी हिंडली. काश्मीरपर्यंत गेली. थंडीत पांघरूण नव्हते म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून झोपली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली तेव्हा जुन्या विधींवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. तिथे त्यांना कुणी ख्रिस्ती मंडळींच्या बैठकीला नेले. बायबल वाचून झाले आणि सगळे उठून खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून पुटपुटू लागले. या दोघांना वाटले, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! रमाबाईंना संस्कृत बायबल मिळाले, पण ते त्यांना फारसे कळले नाही.

यानंतरची चार वर्षे म्हणजे एकामागून एक मृत्यू. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले आणि ते आवडले. पतीला मात्र ते रुचले नाही. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी, मागे माहेर नाही, सासर नाही.

त्या पुण्यास आल्या, 'आर्य महिला समाज' काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, आणि वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली, तो धक्का वेगळाच. त्यातच कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचा बेत बारगळला. या दिवसांत मठाच्या बायकांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमचे एक घर दाखवले. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. आपल्याकडे अशा बाईला दारात उभे करत नाहीत, इथे तिची सेवा करतात, हे का, असे त्यांनी विचारले. तेव्हा कुणी त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू उचलून धरली. पण ज्यांना वाटले की बाई आता साहेबांच्या ओंजळीने पाणी पिणार, त्यांनी बाईंना ओळखलेच नव्हते. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. तो वाचताना हसूही येते आणि आदरही वाटतो. पुडिंगमध्ये अंडे असेल तर रमाबाई ते खाणार नाहीत. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसतो. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, मला आणि माझ्या माणसांना न कळणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत काय वाईट? एक ईश्वर तीन कसा, हे पटल्याशिवाय कसे मानू? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हाही त्या खवळल्या. धर्म स्वीकारला होता, बुद्धी गहाण टाकली नव्हती.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे पुस्तक लिहिले, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. तिथे आलेली पहिली बालविधवा गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. सारे सुरळीत चालले होते. तरी रमाबाई स्वतः अस्वस्थ होत्या. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त मिळाला का, हा प्रश्न त्यांना सतावत होता. १८९१च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे प्रवचने देणाऱ्या या गृहस्थांना आपल्यापाशी खरी श्रद्धाच नाही, हे एक दिवस उमगले होते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाईंनी तोच हिशेब स्वतःशी मांडला आणि श्रद्धेची पाटी पुन्हा पहिल्यापासून लिहिली.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. त्यांच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. सदन धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते, त्यामुळे आरडाओरड झाली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात सगळा दोष एका बाजूला टाकता येईल असे मला वाटत नाही. विश्वासाने मुली पाठवणाऱ्यांना फसल्यासारखे वाटले असेल, आणि स्वतःच्या खोलीचे दार लावून प्रार्थना करा, हे रमाबाईंना जमणारे नव्हते.

आणि मग १८९६मध्ये पुन्हा दुष्काळ आला, या वेळी मध्य प्रांतात. बातम्या वाचून रमाबाईंना झोप लागेना. बावीस वर्षांपूर्वीची उपासमार त्यांना अंगाने आठवत होती. हाताशी पैसा फार नव्हता, निम्मे पुणे विरोधात होते. तरी त्या गेल्या. मदतकेंद्रांवर हाडांचे सापळे झालेल्या आणि दलालांच्या नजरेत भरलेल्या पोरी पाहिल्या. सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन त्या परतल्या. त्यातच पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, सदनात एवढ्या माणसांना ठेवू देईनात. केडगावला थोडी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे माळावर राहुट्या ठोकल्या, विहिरी खोदल्या. तेच 'मुक्ती'. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

उपाशी पोरीला भाकरीबरोबर धर्मही दिला, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. तो खोडून काढावा असे मला वाटत नाही. पण केडगावात त्या मुली नुसत्या प्रार्थनेला बसत नव्हत्या. शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धशाळा, छापखाना अशी सगळी कामे बायकाच चालवीत. दुष्काळात आपल्या विद्वान घराला मजुरी येत नव्हती, ही गोष्ट रमाबाई विसरल्या नव्हत्या.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. प्रचलित भाषांतर संस्कृताने जड झालेले, खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी हवे, हा ध्यास. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढावेत! २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. कडेवर घेऊन इंग्लंडला नेलेली ती मुलगी आईचा उजवा हात झाली होती. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. ते छापले गेले केडगावातच, मुक्तीच्या बायकांच्या हातून.