कपाटांच्या पायथ्याशी ऊब

कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये येथे हिवाळ्यात घर तापविल्यावाचून राहणे अशक्य असते. बैठकीच्या खोलीत भिंतीलगत हीटर बसविण्यास जागा मिळते. परंतु स्वयंपाकघरातील भिंती कपाटे, चूल, फ्रिज आणि भांडी धुण्याचे सिंक यांनीच व्यापलेल्या असतात. त्यामुळे ज्या खोलीत गृहिणी तासन् तास गार फरशीवर उभी राहते, तिथेच उबेची सोय करणे अवघड होऊन बसते.

यावरील एक तोडगा कपाटांच्या तळाशीच आहे. ओट्याशी उभे राहणाऱ्याच्या पायांची बोटे कपाटावर आदळू नयेत म्हणून कपाटाचा पायथा थोडा आत घेतलेला असतो. तिकडील घरांत ही खाच सुमारे १० सेंटिमीटर उंच आणि ७ ते ८ सेंटिमीटर खोल असते. तिच्या मागे, कपाटाच्या तळफळीखाली, बहुधा रिकामी पोकळी राहते. या पोकळीत विजेचा एक बुटका, लांबट हीटर बसवितात. खोलीतील एक वीतभर जागाही त्यात खर्ची पडत नाही. मात्र हा हीटर निवडताना केवळ त्याच्या आकाराकडे पाहून चालत नाही. खोलीला उष्णता किती लागते, घरातील तारा किती वीज पेलतात आणि हवेला वाट मोकळी आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत.

हीटर तापतो कसा?

तारेतून विद्युत्-प्रवाह वाहू लागला की तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केले. परंतु लाल होईपर्यंत तापूनही टिकेल अशी तार सहजी मिळत नव्हती. अमेरिकेतील आल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांचा मिश्रधातू शोधून काढला आणि १९०६ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. हा मिश्रधातू म्हणजेच नायक्रोम. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागी क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि आतील धातूचे रक्षण करतो.

हीटरने घेतलेली वीज अखेरीस सर्वच्या सर्व उष्णतेत बदलते. म्हणून १५०० वॅटचा स्वस्त हीटर आणि १५०० वॅटचा महागडा हीटर एका तासात सारखीच उष्णता देतात. ‘कमी विजेत अधिक ऊब’ असे अभिवचन अशा हीटरच्या बाबतीत कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणणारा उष्णता-पंप हे यंत्र निराळे आहे. ते खर्चलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता खोलीत आणू शकते.

किती वॅटचा हवा?

चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा स्वयंपाकघरात ३० घनमीटर, म्हणजे सुमारे ३६ किलोग्रॅम हवा असते. ती १० अंश सेल्सियसने तापविण्यास सुमारे ३,६०,००० जूल उष्णता लागते. १५०० वॅटचा हीटर तेवढी उष्णता अवघ्या चार मिनिटांत देईल. मग खोली चार मिनिटांत ऊबदार का होत नाही? कारण भिंती, फरशी आणि भांडी तीच उष्णता शोषून घेतात, आणि खिडक्या व फटी ती बाहेर दवडतात. आत-बाहेर २० अंशांचा फरक असता दोन चौरस मीटरच्या एकेरी काचेच्या खिडकीतून दर सेकंदास २४० जूलच्या आसपास उष्णता निसटते. दुहेरी काच बसविल्यास हे प्रमाण निम्म्यावर येते. यास्तव मोठा हीटर घेण्याआधी फटी बुजविणे शहाणपणाचे ठरते. बऱ्यापैकी बंदिस्त घरात दर चौरस मीटर जमिनीस १०० वॅट असा ढोबळ आडाखा बांधतात. त्या हिशेबाने या खोलीला १२०० वॅट पुरतील.

हवेची वाट

तापलेली हवा आपोआप वर चढते. परंतु दहा सेंटिमीटर उंचीच्या पेटीत तिला चढण्यास वावच नसतो. म्हणून या हीटरमध्ये पंखा अपरिहार्य असतो. १५०० वॅटच्या हीटरमधून दर सेकंदास ५० लिटर हवा जात असेल, तर ती सुमारे २५ अंशांनी तापून बाहेर पडते. धूळ, केस किंवा समोर पसरलेली चटई यांमुळे हवा निम्मी झाली, तर तीच वाढ ५० अंशांवर जाते. वर लाकडी कपाट असताना ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. म्हणून अतितप्त होताच वीज तोडणारा स्वयंचलित खटका ज्यात आहे आणि जाळी काढून जो सहज साफ करता येतो, असाच हीटर निवडावा. सिंकखालील ओलसर जागा टाळावी. तापमान राखणारा थर्मोस्टॅट चुलीपासून दूर, भिंतीवर छातीच्या उंचीवर असावा. जमिनीलगत तो हीटरचीच ऊब मोजत बसतो.

तारांची कुवत

१५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर प्रवाह घेतो, तर २४० व्होल्टवर सव्वासहाच. उत्तर अमेरिकेतील घरांत १५ अँपिअरचे मंडल सर्रास आढळते, आणि सतत चालणाऱ्या उपकरणासाठी त्याचा चार-पंचमांश भाग, म्हणजे १२ अँपिअरच, वापरावा असा दंडक आहे. म्हणून तेथे असा हीटर २४० व्होल्टच्या स्वतंत्र मंडलावर, जाणत्या वायरमनकडून आणि अर्थिंगसह बसवून घेणे इष्ट होय. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची आहे. तिकडून आणलेला १२० व्होल्टचा हीटर येथे जोडल्यास तो सुमारे पावणेचार पट शक्ती ओढू लागेल. १५०० वॅटच्या जागी साडेपाच हजार! तार जळेल आणि आगही लागू शकेल.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु थंडीने गारठलेली माणसे कधी गॅसची भट्टी उघडी ठेवून स्वयंपाकघर तापवितात, तर उत्तर भारतात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजतात. अशा वेळी साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. झोपेतच तो प्राण घेतो. विजेच्या हीटरमध्ये ज्वलन नसल्यामुळे हा वायू निर्माणच होत नाही. तारा पुरेशा जाड असल्या आणि हवेची वाट मोकळी राहिली, तर पायाशी बसविलेली ही लहानशी पेटी रात्रंदिवस निर्धास्तपणे ऊब देते.